दिवाणखान्यासाठी घेतलेली झाडे: दोन वर्षांच्या अनुभवानंतरचे परीक्षण

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझी आई कायमची आमच्याकडे पुण्याला राहायला आली. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचे चालणे वॉकरवर आले होते आणि गुहागरजवळच्या घरी पडवीत बसून समोरची पोफळी पाहण्यात जाणारा तिचा दिवस आता कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरील आमच्या हॉलमध्ये, एका खुर्चीत जाऊ लागला. तिने तक्रार अशी कधी केली नाही. चार-पाच दिवसांनी एवढेच म्हणाली, "अगं, इथे नजर टेकायला काही नाही." तिच्या त्या एका वाक्यामुळे आम्ही झाडे घ्यायला लागलो. तेव्हापासून आजवर तीन ठिकाणांहून घेतलेली सर्व झाडे, त्यांतील कोणती टिकली, कोणती गेली, आणि ज्यांच्याकडून घेतली त्यांची सेवा कशी होती, हे येथे सविस्तर लिहीत आहे. घरात वयस्कर माणूस असलेल्या आणि हॉल शांत, उबदार वाटावा अशी इच्छा असलेल्या कुणालाही याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

पहिली खरेदी आम्ही ऑनलाइन केली आणि ती फसली. संबंधित कंपनीचे नाव घेत नाही, कारण अशीच तऱ्हा मी नंतर ओळखीच्या दोन घरांतही पाहिली आणि दोष एका दुकानापेक्षा त्या पद्धतीचा आहे असे मला वाटते. "दिवाणखान्यासाठी शांतीचा संच" अशा नावाखाली पाच झाडे मिळणार होती. खोके चौथ्या दिवशी आले. पीस लिली देठापाशी पिवळी पडली होती, कालाथियाची पाने कडेने मुडपली होती, आणि लालसर पानांच्या अ‍ॅग्लोनेमाच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे ठिपके होते. ते कापूस नव्हते, पिठ्या ढेकूण ही झाडाचा रस शोषणारी कीड होती. पंधरा दिवसांत ते शेजारच्या सिंगोनियमवर पसरले. छायाचित्रांसह तक्रार केली तेव्हा पुढील खरेदीवर सवलतीचे कुपन मिळाले. पैसे किंवा बदली झाड मिळाले नाही. त्याहून मला खटकला तो सोबतचा छापील कागद. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडते, म्हणून ते वृद्धांच्या उशाशी ठेवावे, असे त्यावर लिहिले होते. आईने तो कागद जपून ठेवला होता, म्हणून मला हा विषय नीट वाचावा लागला.

वाचल्यावर कळले ते असे. स्नेक प्लांटसारखी कोरड्या प्रदेशांतील झाडे दिवसा पाण्याची वाफ वाचवण्यासाठी पानांची रंध्रे मिटून घेतात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्यापासून अन्न तयार करतात. ऑक्सिजन तयार होण्यासाठी उजेड लागतोच, त्यामुळे रात्री ऑक्सिजन देण्याची गोष्ट खरी नाही. हवा शुद्ध करण्याच्या दाव्याचे मूळ १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. तो अभ्यास खरा होता, पण हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता, आणि आपली घरे हवाबंद नसतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड पुन्हा केली. खिडक्या-दारांतून सहज होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आमचा हॉल १६ फूट बाय ११ फूट आहे. सर्वांत कमी आकडा धरला तरी त्यात दीडशेहून अधिक कुंड्या ठेवाव्या लागतील, आणि मग आईच्या वॉकरला वाट उरणार नाही. झाडे हवेसाठी घेऊ नयेत. ती डोळ्यांसाठी, हातांसाठी आणि सोबतीसाठी घ्यावीत. हे एकदा मनाशी ठरले की निवड पुष्कळ सोपी होते, कारण मग "कोणते झाड गुणकारी" हा प्रश्न मागे पडतो आणि "आपल्या खोलीत कोणते झाड सुखाने राहील" हा खरा प्रश्न पुढे येतो.

त्या प्रश्नाचे उत्तर उजेडात असते, म्हणून दुसऱ्या खरेदीच्या आधी मी एक रविवार उजेड मोजण्यात घालवला. फोनवर उजेड मोजणारे अ‍ॅप मिळते, ते अगदी अचूक नसले तरी तुलनेसाठी पुरते. ऑगस्टच्या त्या ढगाळ दुपारी दक्षिणेच्या खिडकीच्या कट्ट्यावर दोन हजारांच्या आसपास लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) दिसले, आईच्या खुर्चीपाशी तीनशे, आणि सोफ्यामागच्या ज्या कोपऱ्यात प्रत्येक जण मोठे झाड ठेवायला सांगत होता तिथे जेमतेम ऐंशी. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण ते कमी उजेडाला लगेच सरावतात; झाडाला मात्र तो जगण्या-मरण्याचा असतो. ज्यांना अ‍ॅप नको असेल त्यांनी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीला स्पष्ट कडा असेल तर तिथे बहुतेक झाडे राहतात, सावली पुसट पण ओळखू येणारी असेल तर निवडक झाडे राहतात, आणि सावलीच पडत नसेल तर तिथे दिवा ठेवावा.

याच संदर्भात एक बाब मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती मला कुठल्याही रोपवाटिकेत कुणी सांगितली नाही. झाडांविषयीचे बरेचसे लिखाण युरोप-अमेरिकेतील घरांना धरून केलेले असते आणि त्यात दक्षिणेची खिडकी वर्षभर सर्वांत उजळ मानलेली असते. पुणे साडेअठरा अक्षांशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे त्या काळात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचे ऊन आत येतच नाही, आणि त्यातच जूनपासून पावसाचे ढग असतात. उलट डिसेंबरमध्ये हेच ऊन आमच्या फरशीवर सहा फूट आतपर्यंत येते. म्हणजे जी जागा जुलैमध्ये झाडाला अपुरी पडते, तीच जागा जानेवारीत त्याची पाने करपवू शकते. आम्ही आता वर्षातून दोनदा कुंड्यांच्या जागा बदलतो, एकदा गणपतीनंतर आणि एकदा होळीच्या सुमारास. पश्चिमेला गॅलरी असेल तर एप्रिल-मे महिन्यांतील तिथले ऊन घरातील कोणत्याही झाडाला सोसत नाही, हेही अनुभवाने कळले.

दुसरी खरेदी पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरातील एका रोपवाटिकेतून केली आणि या परीक्षणातील मुख्य शिफारस त्या प्रकारच्या खरेदीची आहे. या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोपवाटिकांची रांग आहे आणि शहरातील अनेक दुकाने येथूनच माल उचलतात. आम्ही गेलो तिथे शेडनेटखाली ओळीने काळ्या पिशव्या मांडलेल्या होत्या, किमतीचे फलक कुठेच नव्हते, आणि चौकशीला उत्तर द्यायला रोपवाटिका चालवणाऱ्या कुटुंबातील एक मध्यम वयाचे गृहस्थ होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, उजेड कुठून येतो आणि पाणी कोण घालणार?" मी वहीतील लक्सचे आकडे दाखवले. त्यांना आकड्यांत विशेष रस नव्हता, पण खिडकीची दिशा, गॅलरीचे दार, छताचा पंखा आणि घरात लहान मूल आहे का, हे त्यांनी बारकाईने विचारले. मी पुन्हा कालाथियाकडे वळले, तेव्हा त्यांनी ते पिशवीत भरायला चक्क नकार दिला. "हे नेऊ नका. पावसाळ्यात छान दिसेल, एप्रिलमध्ये कडा जळतील आणि तुम्हालाच वाईट वाटेल." त्यांचे म्हणणे बरोबर होते. माझ्या बहिणीच्या दादरच्या घरी समुद्राच्या दमट हवेत हेच झाड डवरलेले आहे, पण पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते तग धरत नाही. विकण्याचे झाड हातात असताना ते विकू नये असे सांगणारा विक्रेता मला क्वचितच भेटला आहे.

त्यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट माझ्या कायमची लक्षात राहिली. पीस लिलीची कुंडी त्यांनी आडवी धरली, बुडाला तळहाताने दोन थापा मारल्या आणि मातीचा गोळा अलगद बाहेर काढला. त्याच्या कडेने पांढरी, टणक मुळे पसरलेली होती. त्यांनी गोळा माझ्या नाकाशी धरला. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येत होता. मग मुद्दाम शेजारची एक मलूल कुंडी तशीच रिकामी करून दाखवली. तिची मुळे तपकिरी होती, बोटाच्या चिमटीत धरताच त्यांची साल सुटून आली आणि आंबूस, कुजका वास आला. वरून पाहता दोन्ही झाडांच्या पानांत फारसा फरक नव्हता. तेव्हापासून मी मुळे पाहिल्याशिवाय झाड घेत नाही, आणि जो विक्रेता मुळे दाखवायला तयार नसतो त्याच्याकडून घेत नाही.

त्या दिवशी एकूण आठ झाडे घेतली: एक रबर प्लांट ३५० रुपयांना, एक झीझी प्लांट २८० रुपयांना, एक स्नेक प्लांट २२० रुपयांना, दोन पीस लिली प्रत्येकी १८० रुपयांना, दोन मनी प्लांट प्रत्येकी ७० रुपयांना आणि एक अरेका पाम ४५० रुपयांना. झाडांचे १,८०० रुपये झाले, घरपोच टेम्पोचे ६०० आणि नंतर कुंड्यांचे २,४०० रुपये. कुंड्या झाडांपेक्षा महाग पडतात, हा हिशेब आधी मांडून ठेवलेला बरा. रोपवाटिकेच्या उणिवाही नोंदवायला हव्यात. छापील पावती मिळाली नाही, झाडांवर नावाच्या चिठ्ठ्या नव्हत्या, टेम्पोत कुंड्या नुसत्या खेटून उभ्या केल्या होत्या आणि त्यामुळे अरेकाच्या दोन फांद्या मोडल्या. सर्वांत मोठा दोष मातीचा होता. पिशव्यांतील लाल माती इतकी चिकट होती की पाणी वर साचून राहत असे. ती वाहतुकीला सोयीची असते, कारण गोळा फुटत नाही. पण हॉलमध्ये, जिथे ऊन नाही आणि वारा कमी, तिथे अशा मातीत मुळे कुजतात. आम्ही महिनाभर झाडांना घराची सवय होऊ दिली आणि नंतर निम्मी माती, उरलेल्या भागात कोकोपीट, गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण करून सर्व झाडे पुन्हा लावली. त्यानंतर त्यांची वाढ डोळ्यांना दिसेल इतकी सुधारली.

आता एकेका झाडाविषयी. रबर प्लांट हे आमच्या हॉलचे मुख्य झाड ठरले आहे आणि निवड पुन्हा करायची झाली तर पहिले मी तेच घेईन. ते वड, पिंपळ आणि उंबर यांच्या कुळातले, ईशान्य भारतातले आपल्याच देशाचे झाड आहे. मेघालयात खासी आणि जयंतिया लोक ओढ्यांवर जे जिवंत मुळांचे पूल घडवतात ते याच झाडाच्या पारंब्यांचे असतात. रबराचे उत्पादन होते ते केरळातील झाड मात्र निराळे आहे. आम्ही गडद हिरव्या पानांचा साधा वाण घेतला. चट्ट्यापट्ट्यांचे रंगीत वाण सुंदर असतात, पण त्यांना उजेड अधिक लागतो आणि शांत खोलीत ते नजरेला ओढत राहतात. आईच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, खिडकीपासून चार फुटांवर ते ठेवले आहे. पहिल्याच दिवशी तिने पान दोन बोटांत धरून अंगठ्याने चाचपले आणि म्हणाली, "हे तर आपल्या उंडीच्या पानासारखं लागतंय." उंडीचे पान असेच जाड, गुळगुळीत आणि बारीक समांतर शिरांचे असते, समुद्राकाठी वाढलेल्या तिच्या बोटांनी ते बरोबर ओळखले. आता दर मंगळवारी ओल्या मलमलीच्या फडक्याने त्याची पाने पुसणे हे तिचे काम आहे. आमच्या भागात बांधकामे सुरू आहेत आणि आठवड्याभरात फडके काळपट होते, त्यामुळे हे काम केवळ मन रमवण्यासाठी नाही. धूळ बसलेल्या पानाला मिळणारा उजेड खरोखरच कमी होतो. नवे पान येण्याआधी टोकाला लालसर, गुंडाळलेले आवरण दिसते. ते उलगडायला आमच्याकडे हवामानानुसार आठ ते पंधरा दिवस लागतात, आणि त्या काळात सकाळी चहाआधी आई त्याकडे पाहते. हे झाड जागा बदलल्यावर दोन-चार पाने टाकते, तेव्हा घाबरून जास्त पाणी घालू नये. त्याचा चीक कपड्यांवर डाग पाडतो आणि काहींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून छाटणी हातमोजे घालून करावी.

झीझी प्लांट सोफ्याशेजारी, खिडकीपासून दूर आहे. हे मूळचे पूर्व आफ्रिकेतले झाड गेल्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील रोपवाटिकांनी मोठ्या प्रमाणावर वाढवले आणि मग जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचले. मातीखाली त्याचे बटाट्यासारखे गोल कंद असतात, त्यांत ते पाणी साठवते. गेल्या मे महिन्यात आम्ही तीन आठवडे गावी होतो. परतल्यावर पीस लिली आडवी झाली होती आणि झीझी तसेच उभे होते. कंद वाढले की प्लॅस्टिकची कुंडी कडेने फुगते, आमची तर एका बाजूने उभी चिरली. ज्यांना पाणी घालण्याचे लक्षात राहत नाही त्यांनी हे अवश्य घ्यावे. मला स्वतःला त्याची चमकदार, थोडी मेणचट पाने फार जिव्हाळ्याची वाटत नाहीत, पण कमी उजेडात इतका काळ हिरवे राहणारे दुसरे झाड माझ्या पाहण्यात नाही. फक्त ते अंधारात जगते असा अर्थ काढू नये. ऐंशी लक्सच्या त्या कोपऱ्यात ठेवलेले असताना वर्षभरात एकही नवी काडी आली नाही, खिडकीकडे सहा फूट सरकवल्यावर दोन महिन्यांत तीन आल्या.

स्नेक प्लांटविषयी थोडक्यात लिहिते. उभे, काटेकोर, कमी जागेत मावणारे हे झाड टीव्हीच्या बाजूला शोभते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याला ड्रेसिनाच्या प्रजातीत समाविष्ट केले, त्यामुळे रोपवाटिकांत आता दोन्ही नावे ऐकू येतात. पिवळ्या कडांच्या वाणाचे पान कापून लावले तर नवे रोप साधे हिरवे निघते; कडा हव्या असतील तर मुळासकट फुटवा वेगळा करावा लागतो. आम्हाला ते शेजारच्या वहिनींना द्यायचे होते तेव्हा ही माहिती उपयोगी पडली.

पीस लिली हे आईचे सर्वांत लाडके झाड आहे, कारण ते बोलते असे ती म्हणते. पाणी कमी झाले की सारी पाने एकदम मान टाकतात आणि पाणी घातल्यावर काही तासांत उभी राहतात. नवख्या माणसाला पाण्याचा अंदाज यायला याच्यासारखे दुसरे झाड नाही. मात्र ही मान टाकण्याची वेळ वारंवार येऊ देऊ नये, त्यामुळे मुळे दुबळी होतात, आणि माती ओली असूनही पाने पडली असतील तर ती तहान नसून मूळकूज असते, हा फरक ध्यानात ठेवावा. त्याचे पांढरे फूल म्हणून आपण जे पाहतो ते खरे तर फुलोऱ्याभोवतीचे पान आहे, शास्त्रीय भाषेत त्याला महाछद म्हणतात; आपल्या सुरणाच्या आणि अळूच्या फुलोऱ्यालाही तो असतोच. दोन कुंड्यांपैकी खिडकीजवळची वर्षातून दोनदा फुलते, आतली कधीच फुललेली नाही. फुले हवी असतील तर उजेड द्यावा लागतो.

पीस लिली, झीझी, मनी प्लांट, सिंगोनियम आणि अ‍ॅग्लोनेमा ही सगळी अळूच्या कुळातील आहेत, आणि कच्चा अळू ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे खाजतो तेच यांच्या पानांतही असतात. आपण अळूच्या फदफद्यात चिंच घालतो, या पानांना तसे कुणी शिजवणार नाही. पण रांगते मूल किंवा मांजर ती चावू शकते आणि तोंडाची आग होऊन सूज येते. माझा भाचा सहकुटुंब येतो तेव्हा त्याची मुलगी दीड वर्षाची असल्याने या कुंड्या आम्ही वर उचलून ठेवतो. रोपवाटिकेतील गृहस्थांनी लहान मुलाविषयी का विचारले, ते तेव्हा कळले.

मनी प्लांट इतके परिचित आहे की त्याचे वर्णन नको. मूळचे प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचे हे झाड कोकणात आंब्या-माडांवर चढले की त्याची पाने ताटाएवढी होतात, हे आईने अनेकदा पाहिले आहे. हॉलमध्ये तीच वेल खाली लोंबती सोडली की पाने लहान आणि सुबक राहतात. पुस्तकांच्या कपाटावरून ती खाली सोडल्यामुळे कपाटाच्या कडा मऊ झाल्यासारख्या दिसतात, आणि खोली उबदार वाटण्यात त्या एका वेलीचा वाटा मी मोठा मानते. एक इशारा देते. बाटलीत किंवा काचेच्या भांड्यात मनी प्लांट ठेवला असेल तर पाणी दर आठवड्याला पूर्ण बदलावे आणि कुंड्यांखालच्या ताटल्याही रिकाम्या कराव्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरी तपासणीला येतात तेव्हा प्रथम हीच भांडी पाहतात, ते योग्यच आहे.

अरेका पामने मात्र निराश केले. मादागास्करचे हे झाड दुकानांत आणि लग्नाच्या हॉलमध्ये इतके सर्रास दिसते की ते कुठेही राहते असा समज होतो. प्रत्यक्षात त्याला भरपूर उजेड आणि मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, पाणी लागते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळले जाते. पहिल्याच मे महिन्यात पानांची टोके तपकिरी झाली, कुंडीच्या कडेवर पांढरा क्षार जमला आणि पुढे लाल कोळी ही कीड आली. निंबोळी तेल फवारले, पाने धुतली, पिण्याचे पाणी उरवून घातले, तरी ते सावरले नाही. वाळक्या टोकांचे झाड समोर असणे आईला सर्वाधिक त्रास देत असे, तिची नजर वारंवार त्या पानांकडे जायची आणि दर वेळी ती विचारायची, "आज बरं आहे का गं त्याला?" अखेर ते गॅलरीच्या आडोशाला हलवले, आता ते तिथे बरे आहे. तिसरी खरेदी हातगाडीवाल्याकडून घेतलेल्या फिडल लीफ फिगची होती. त्याने आणल्यापासून महिन्याभरात नऊ पाने टाकली आणि त्या झाडाविषयी अधिक लिहावे असे काही नाही.

पाण्यासाठी आम्ही वार ठरवलेले नाहीत. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत बोटभर खोचायची आणि बाहेर काढायची. कोरडी आणि स्वच्छ निघाली तर पाणी, माती चिकटून आली तर थांबायचे. झीझी आणि स्नेक प्लांटला ती काडी बुडापर्यंत कोरडी निघेपर्यंत थांबावे लागते. आईला वाकता येत नसल्याने तिच्या हाताशी असलेल्या कुंड्या स्टुलांवर ठेवल्या आहेत, आणि वॉकरच्या वाटेवर एकही ताटली किंवा लोंबती वेल राहणार नाही हे आम्ही कटाक्षाने पाहतो. कुंड्यांपैकी मातीच्या मला अधिक आवडतात. त्या श्वास घेतात, जास्तीचे पाणी शोषतात आणि त्यांचा विटकरी रंग संध्याकाळी पिवळ्या दिव्यात फार मायाळू दिसतो. त्या जड असतात आणि उन्हाळ्यात लवकर सुकतात, ही त्यांची दुसरी बाजू. सुरुवातीला घेतलेल्या पाच रंगांच्या चिनी मातीच्या कुंड्या आम्ही बाजूला केल्या. सर्व कुंड्या एकाच रंगाच्या झाल्यावर पाने ठळक दिसू लागली आणि खोलीतील गजबज कमी झाली. सगळी झाडे भिंतीला ओळीने लावण्याऐवजी उंच, मध्यम आणि बुटके अशी तीन एकत्र आणि बाकीचा कोपरा मोकळा ठेवल्यानेही तसाच फरक पडला. ऐंशी लक्सच्या त्या कोपऱ्यात आता एक दिवा आहे आणि तो रबर प्लांटच्या पानांमधून भिंतीवर सावल्या टाकतो.

ज्यांना उरुळीपर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन पाहावे. तिथे रोपवाटिकांचे गाळे असतात, झाडे हाताळता येतात आणि एकाच ठिकाणी भावांची तुलना करता येते. गर्दी मात्र सकाळी लवकर जाऊन टाळावी. ऑनलाइन खरेदी मी आता फक्त कुंड्या आणि खतांसाठी करते. झाडासाठी सर्वांत चांगला काळ पाऊस स्थिरावल्यानंतरचा, म्हणजे जुलै-ऑगस्टचा आहे. त्या दमट हवेत झाड नव्या घराला लवकर रुळते आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत त्याची मुळे धरलेली असतात.

उरुळीहून आणलेल्या आठांपैकी सात झाडे आज हॉलमध्ये आहेत आणि रबर प्लांट पावणेपाच फुटांचे झाले आहे. या जुलैत आम्ही पुन्हा त्याच रोपवाटिकेत जाणार आहोत. आईनेही या वेळी गाडीने सोबत यायचे ठरवले आहे आणि अरेकाच्या रिकाम्या जागेसाठी काय घ्यायचे, हे मुळे हुंगून ती स्वतः ठरवणार आहे.